जुन्या गाडीला घरीच रंग द्यायचा तर: रोलर, इनॅमल आणि भरपूर घासकाम

गाडी रंगवून घेतल्यावर जे बिल हातात पडतं, त्यात रंगाचा वाटा थोडा असतो. मोठा भाग मजुरीचा: गंज खरवडणं, पुट्टी भरणं, ती घासून सपाट करणं, काचा-रबरं झाकणं. ही कामं चिकाटीनं जमणारी आहेत आणि घरी करता येतात. रंग वाळवायची बंद गरम खोली, मोठा कॉम्प्रेसर आणि बाहेरची ताजी हवा पुरवणारा मुखवटा या गोष्टी मात्र घरी आणणं परवडत नाही. म्हणून हात आखडता असेल तर यंत्राशिवाय भागणारी पद्धत घ्यायची आणि सगळी ताकद पत्र्याच्या तयारीवर लावायची. इथे सांगतोय ती पद्धत अशी: फोमचा छोटा रोलर, पातळ केलेला सिंथेटिक इनॅमल (तेलावर आधारलेला रंग), पाच-सहा पातळ हात आणि मधेमधे पाण्यानं घासाई.

यातून काय मिळेल हे आधीच स्पष्ट असलेलं बरं. नीट केलेलं काम दोन-चार पावलांवरून एकसारखं, चकचकीत दिसतं. जाणकार माणूस नाक लावून बघायला आला तर त्याला फरक कळतो. रोज वापरायची, वय झालेली, विकून फारसं काही हाती न येणारी गाडी असेल तर हा मार्ग उत्तम. दुर्मीळ किंवा चांगली किंमत येणारी जुनी गाडी असेल तर तिला रोलर लावू नका. तिची फक्त तयारी घरी करा आणि शेवटचा रंग व्यावसायिकाकडून मारून घ्या. त्यातही बरेच पैसे वाचतात. मात्र आधी त्याच्याशी बोलून ठेवा, कारण कुठल्या प्रायमरवर (रंगाखालच्या पहिल्या थरावर) आणि कुठवर घासलेल्या पत्र्यावर तो रंग मारेल, हे त्यानंच ठरवायला हवं.

रंग खरंच लागणार आहे का?

उन्हानं विटलेली गाडी आणि रंग संपलेली गाडी लांबून सारखीच दिसते. गाडी स्वच्छ धुवा, वाळवा आणि बॉनेटचा वीतभर भाग रबिंग कंपाउंड (बारीक कणांची घासायची पेस्ट) लावून हातानं घासा. फडक्यावर गाडीचाच रंग उतरला आणि खाली चमक आली, तर तो क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नसलेला एकथरी रंग आहे आणि फक्त वरचा थर मेला आहे. मग सगळी गाडी कंपाउंड करून मेण चढवा. रंगकामाची गरजच नाही. फडक्यावर रंग न येता चमक आली तर वर क्लिअर कोट आहे आणि तो शाबूत आहे. पांढुरके डाग पडून पापुद्रे निघत असतील, तर क्लिअर कोट सुटायला लागलाय. तो कंपाउंडनं परत येत नाही, तिथे रंग द्यावाच लागतो. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉनच जाडीचे असतात, तेव्हा कंपाउंड घासतानाही कडांवर जोर देऊ नका.

दुसरी परीक्षा थिनरची. नजरेआड जागी, म्हणजे डिकीच्या आतल्या कडेला वगैरे, थिनरनं भिजवलेली चिंधी मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून चिकट झाला तर आधीचा रंग लॅकर जातीचा आहे आणि त्यावर काही मारण्याआधी चांगलं प्रायमर हवंच. काहीच झालं नाही तर आधीचा रंग पक्का बसलेला आहे. तिसरं म्हणजे मऊ फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं लोहचुंबक सगळ्या गाडीवरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली जाड पुट्टी आहे किंवा तो भाग प्लास्टिकचा वा ॲल्युमिनियमचा आहे. जुनी गाडी असेल तर यात बऱ्याच गोष्टी उघड होतात.

कोणता रंग, कोणती छटा

घरगुती पर्याय तीनच. पहिला स्प्रे कॅन. एखाद-दुसरा दरवाजा, मडगार्ड, दुचाकीच्या बाजूच्या पट्ट्या यांना तो ठीक. सगळ्या गाडीला कॅन लागत राहतात, खर्च वाढतो आणि मोठ्या सपाट भागावर पट्टे दिसतात. दुसरा कॉम्प्रेसर आणि गन. ओळखीत कुणाकडे असेल तर मोह होतो, पण छोटा कॉम्प्रेसर मोठ्या भागावर दम टाकतो आणि रंगाचा बारीक धुरळा शेजारच्या गाड्यांवर जाऊन बसतो. तिसरा रोलर.

गनच्या बाबतीत एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हार्डनर, म्हणजे रंग टणक करणारं दुसरं द्रव्य, मिसळून मारायचे टू-के (दोन घटकांचे) किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग दिसायला आणि टिकायला सर्वांत सरस, पण त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांच्या फवाऱ्यानं कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा शरीरानं धसका घेतला की पुढे अगदी थोड्या संपर्कातही त्रास होतो. कोळशाची डबी लावलेला साधा मास्क यासाठी विसंबण्यासारखा नाही. घराच्या गॅरेजमध्ये हे रंग उडवू नका. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

रोलरसाठी बाहेरच्या वापराचा, लोखंडावर लावायचा सिंथेटिक इनॅमल घ्या. यंत्रसामग्री किंवा बोटींसाठी म्हणून मिळणारा असेल तर आणखी चांगला. हार्डनरवाला रंग टणक होतो तसा हा होत नाही आणि काही वर्षांनी त्याची चमक उतरते. तेव्हा पुन्हा घासून दोन हात मारता येतात, ही या स्वस्त रंगाची जमेची बाजू.

छटेबद्दल माझं मत ठाम आहे: गाडीचा आहे तोच रंग ठेवा. रंग बदलला की दाराच्या आतल्या कडा, डिकीची आतली बाजू, इंजिनाभोवतीचा पत्रा सगळं रंगवावं लागतं. नाहीतर दार उघडलं की जुना रंग डोळ्यांत येतो. काम जवळपास दुप्पट होतं. शिवाय अनेक ठिकाणी रंग बदलल्याची नोंद गाडीच्या कागदपत्रांत करावी लागते. मेटॅलिक रंग रोलरनं लावता येत नाही, कारण त्यातले चमकीचे कण सगळीकडे एकसारखे बसत नाहीत आणि डाग दिसतात. तुमची गाडी मेटॅलिक असेल तर तिच्या जवळची साधी छटा निवडावी लागेल, आणि तेव्हा मात्र दाराच्या कडांचं काम टळत नाही. चकचकीत काळा टाळा, पत्र्याची एकेक लाट त्यात दिसते. फिकट राखाडी, क्रीम, मातकट हिरवा या छटा चुका पोटात घालतात. पांढराही चांगला, फक्त तेलावर आधारलेला पांढरा इनॅमल उजेड न मिळणाऱ्या कोपऱ्यांत कालांतरानं पिवळसर पडतो हे लक्षात ठेवा.

सामान

छोट्या चारचाकीच्या बाहेरच्या भागाला २ ते ३ लिटर इनॅमल पुरतो. सगळा एकदमच घ्या, एका मोठ्या भांड्यात एकत्र करा आणि मग वापरा, कारण दोन डब्यांत छटेचा किंचित फरक असू शकतो. बाकी: मिनरल टर्पेंटाइन, मेटल प्रायमर, पुट्टी आणि तिचा हार्डनर, बारीक छिद्रं भरायची फाइन पुट्टी, तारेचा ब्रश, ८० पासून २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), त्यातले ३२० च्या पुढचे वॉटर पेपर (पाणी लावून घासायचे), सपाट रबरी किंवा लाकडी ठोकळा, १० सेंटिमीटर रुंदीचे दाट फोमचे रोलर पाच-सहा, रंगाचा ट्रे, रबरी हातमोजे, चष्मा आणि दोन वेगळे मास्क. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. टर्पेंटाइन आणि थिनरसाठी कोळशाची डबी असलेलाच लागतो.

काटकसर कुठे करायची? वर्तमानपत्रं, जुने सुती कपडे, रंग ढवळायच्या काड्या, गाळायला जुना नायलॉनचा पायमोजा हे सगळं घरातलं चालतं. मास्किंग टेप मात्र चांगलीच घ्या. हलकी टेप खाली रंग झिरपू देते आणि काढताना गोंद मागे सोडते. तो साफ करण्यात जाणारा वेळ टेपच्या किमतीहून महाग पडतो. रोलरही दाट फोमचे, गोलसर कडा असलेलेच. केसाळ रोलरचे धागे रंगात अडकतात, चौकोनी कडांचे रोलर दोन्ही बाजूंना रेघा ओढतात.

जागा आणि हवा

छप्पर हवं, दोन बाजूंनी वारा खेळता हवा, आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. त्यामुळे शेगडी, पाणी तापवायचा बंब, खालच्या बाजूला असलेलं उघडं स्विच बोर्ड यांच्यापासून लांब राहा. रंग लावण्याच्या आदल्या दिवशी जागा झाडून घ्या आणि रंग लावायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडा, म्हणजे चालताना धूळ उडत नाही.

१५ ते ३० अंश तापमान आणि कोरडी हवा सर्वांत चांगली. थेट उन्हात पत्रा इतका तापतो की रोलर फिरवेपर्यंत रंग ओढायला लागतो. पावसाळी, दमट दिवशी रंग नीट वाळत नाही आणि चमक मरते. सकाळी दव पूर्ण वाळल्यावर सुरुवात करायची आणि दुपार टळायच्या आत तो हात संपवायचा. संध्याकाळी मारलेल्या ओल्या रंगावर रात्रीचं दव बसलं की सकाळी पृष्ठभाग धुरकट दिसतो.

खोलणं आणि धुणं

जे सहज सुटतं ते सोडवा: नंबर प्लेट, नाव-चिन्हं, दिवे, दारांच्या पट्ट्या, जमत असेल तर आरसे आणि दाराच्या मुठी. काढलेल्या वस्तूभोवती झाकाझाक करावी लागत नाही आणि तिच्या कडेनं पुढे रंग सोलत नाही. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहा आणि खोलण्याआधी फोटो काढा. जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा मोडतातच, पण त्या सुट्या मिळतात.

मग धुणं. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी तेलकटपणा काढायचा, नंतर घासायचं. उलट केलं तर मेण आणि सिलिकॉन पॉलिश पेपरनं घासून ओरखड्यांत भरलं जातं आणि तिथे रंग मागे सरकून गोल खड्डे पडतात. भांड्याच्या साबणानं गाडी दोनदा धुवा, वाळवा. मग टर्पेंटाइननं ओलं केलेलं फडकं एका हातात आणि कोरडं फडकं दुसऱ्या हातात घ्या. ओल्यानं पुसल्या पुसल्या, ते उडून जायच्या आत, कोरड्यानं उचला. तेल फडक्यात यायला हवं, नुसतं इकडचं तिकडे पसरायला नको. फडकी वारंवार बदला.

गंज

सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथे द्या. रंगाखाली फुगलेला फोड दिसतो तेवढाच गंज नसतो, तो कडेनं आत पसरलेला असतो. फोडावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ठेवून दाबा. टणक लागला तर गंज वरवरचा. पत्रा करकरून आत गेला, तर तिथे पत्रा उरलेलाच नाही.

वरवरच्या गंजाला तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पेपर पुरतो. पांढराशुभ्र चकाकणारा पत्रा दिसेपर्यंत घासा आणि त्याच्याही पुढे, चांगल्या रंगात दोन बोटं आत शिरा. खड्ड्याखड्ड्यांच्या पत्र्यात काळे ठिपके उरतातच. तिथे गंज बदलणारं द्रावण लावा. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल गंजाचं आयर्न फॉस्फेट करतं. टॅनिक आम्ल असलेलं द्रावण लावलं की ती जागा निळसर काळी पडते. पण हे द्रावण खाली शिल्लक राहिलेल्या थोड्या गंजासाठी आहे, घासायचा कंटाळा आला म्हणून पोपड्यांवर ओतण्यासाठी नाही. लावल्यानंतर धुवायचं की नाही आणि वर कोणतं प्रायमर चालतं, हे डब्यावर वाचा. प्रत्येकाचं वेगळं असतं.

आरपार भोकं असतील तर ती कुठे आहेत ते बघा. दाराच्या खालच्या पत्र्यात किंवा मडगार्डच्या कडेला छोटं भोक असेल तर आतून फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी रेझिन लावून बुजवता येतं. काही वर्षं निघतात. भोकावर नुसती पुट्टी थापली तर ती मागून पाणी शोषते आणि एक-दोन पावसाळ्यांत उचकटून पडते. दाराखालचा पोकळ खांब, सीट बेल्टचे आणि सस्पेन्शनचे सांधे, चासी, जॅक लावायची जागा इथला गंज हा रंगकामाचा विषयच नाही. तिथे नवा पत्रा जोडून वेल्डिंग करून घ्यायचं आणि मग रंगाकडे वळायचं.

दाराच्या तळाशी पाणी जायला छोटी भोकं ठेवलेली असतात. ती मातीनं बुजली की पाणी आत साठतं आणि दार आतून सडतं. बाहेर कितीही सुरेख रंग दिलात तरी ही भोकं मोकळी केली नाहीत तर त्याच जागी पुन्हा फोड येणार. तारेनं ती साफ करा, आत साबणाचं पाणी ओता आणि खालून धार येते का पाहा.

उघडा पडलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. हाताच्या घामाचे ठसेही दुसऱ्या दिवशी तांबूस उमटतात. जेवढं त्या दिवशी प्रायमरखाली झाकता येईल, तेवढंच उघडं करा.

कडा उतरवणं आणि पुट्टी

जिथे रंग उडून पत्रा उघडा पडलाय, तिथे जुन्या रंगाची पायरी राहते. ही पायरी ८०, मग १८०, मग ३२० नंबरनं अशी घासायची की क्लिअर, रंग, प्रायमर आणि पत्रा यांची एकात एक वर्तुळं दिसावीत. प्रत्येक वर्तुळ निदान सेंटिमीटरभर रुंद हवं. अरुंद असेल तर उतार अजून उभा आहे. डोळे मिटून, हातावर पातळ फडकं ठेवून त्यावरून तळवा फिरवा. फडक्यामुळे त्वचेची पकड सुटते आणि लहानशी उंचीही जाणवते. कडा लागत असेल तर अजून घासा, कारण चकचकीत रंगाखाली ती कडा आणखी उठून दिसते.

खूप जुन्या गाडीच्या रंगात शिसं असू शकतं. तिचा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. पाण्यानं घासा, चिखल फडक्यानं टिपा आणि मुलांना त्या जागेपासून लांब ठेवा.

पुट्टी पातळ खड्ड्यांसाठी आहे. पोचा खोल असेल तर आधी मागून लाकडी ठोकळा आणि हातोडी वापरून पत्रा जमेल तेवढा वर आणा, मग उरलेले २-३ मिलिमीटर पुट्टीनं भरा. काचेच्या किंवा गुळगुळीत प्लास्टिकच्या तुकड्यावर मिसळा. पुठ्ठा पुट्टीतलं रेझिन पितो. हार्डनर सहसा दोन टक्के लागतो, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर तो पुढे रंगातून डाग बनून वर येतो, कमी घातला तर पुट्टी मऊच राहते. पट्टीनं दाबत-पसरत मिसळा. घोटलीत तर हवा शिरते आणि घासल्यावर सुईच्या छिद्रांचं जाळं दिसतं. हातात पाचेक मिनिटंच असतात, गरम हवेत त्याहून कमी, म्हणून सुरुवातीला थोडीथोडीच मिसळा.

पत्रा ८० नंबरनं खरखरीत केलेला हवा. गुळगुळीत पत्र्यावर पुट्टी धरत नाही. खड्ड्यापेक्षा चार बोटं बाहेरपर्यंत पातळ पसरा. वाळली की ठोकळ्यावर ८० नंबर लावून तिरकं घासा, एकदा या कोनात, मग उलट कोनात. बोटांनी दाबून घासलंत तर बोटांच्या खाचा उमटतात. मधेच पत्र्याचा चकाकता ठिपका उघडा पडला, तर तो उंचवटा आहे. आजूबाजूला पुट्टी वाढवत बसण्यापेक्षा तो ठिपका हलकेच ठोकून खाली बसवा. मग १८० नंबर. पुट्टी नेहमी कोरडीच घासायची, कारण ती पाणी धरून ठेवते आणि तेच पाणी पुढे खालचा पत्रा गंजवतं. धुळीचा मास्क इथे अजिबात सोडायचा नाही.

प्रायमर

उघड्या पत्र्यावर आणि पुट्टीवर प्रायमर हवंच. पक्क्या बसलेल्या जुन्या रंगावर सगळीकडे प्रायमर देण्याची गरज नसते. तो ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं घासून मंद करा, चमकणारा एकही ठिपका उरायला नको. खर्च कमी करायची ही सरळ जागा आहे. मात्र आधीचा रंग लॅकर निघाला असेल किंवा ठिकठिकाणी वेगवेगळे रंग दिसत असतील तर सगळ्या गाडीला प्रायमर द्या. प्रायमर आणि इनॅमल एकमेकांना चालणारे आहेत का, हे डब्यावर वाचून घ्या. ते शक्यतो एकाच कंपनीचे घेतले की ही भानगड राहत नाही.

प्रायमरचे दोन पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग एक जुनी युक्ती: गडद रंगाच्या स्वस्त स्प्रे कॅननं लांबून अगदी विरळ फवारा मारा, नुसते ठिपके पडतील इतकाच. ठोकळ्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर लावून घासत जा. उंच जागचे ठिपके आधी जातात, खड्ड्यातले तसेच राहतात, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसलेली पत्र्याची प्रत्येक लाट समोर येते. उरलेल्या ठिपक्यांवर फाइन पुट्टी, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासाई. कितीदा करायचं हे तुमच्या सहनशक्तीवर आहे. छपरावर फार जीव टाकू नका, ते कुणी बघत नाही. दारं आणि बॉनेट यांवर टाका.

झाकाझाक करताना टेप रबराच्या कडेखाली सरकवा. खिडकीच्या रबराखाली पातळ दोरी सरकवली की रबर वर उचललं जातं आणि रंग त्याच्या खाली जातो. चाकं, काचा, जाळी वर्तमानपत्राच्या दुहेरी थरानं झाका.

रंग लावणं

इनॅमल तळापासून ढवळा, मोज्यातून गाळा. त्यात १५ टक्क्यांच्या आसपास टर्पेंटाइन घालून सुरुवात करा आणि जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर रोलर फिरवून बघा. रोलर फिरला की बारीक बुडबुडे येणारच. ते अर्ध्या-एका मिनिटात आपोआप फुटून पृष्ठभाग सपाट व्हायला हवा. बुडबुडे तसेच राहिले किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत उरला, तर थोडं आणखी टर्पेंटाइन. उभ्या पत्र्यावर ओघळ आला तर जास्त झालं, रंग वाढवा. प्रमाण दिवसाच्या उष्णतेप्रमाणे बदलतं, त्यामुळे दर दिवशी हा तुकडा आधी. नवा रोलर टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळून घ्या: सुटे कण निघून जातात आणि फोम विरघळणारा असेल तर तेही तिथेच कळतं.

पत्रा पुसून, स्वच्छ फडक्यानं धूळ टिपून छपरापासून सुरू करा. मग बॉनेट, डिकी, आणि शेवटी बाजू. एका वेळी एकच भाग घ्या आणि तो कडेपासून कडेपर्यंत न थांबता पुरा करा. फटीपाशी थांबायचं, पत्र्याच्या मध्यावर कधीच नाही. रोलरवर रंग कमी घ्या, उभा-आडवा पसरा आणि शेवटी रोलर न बुडवता, जवळजवळ वजन न देता, एकाच दिशेनं एकदा फिरवून सोडून द्या. सोडलं की परत जायचं नाही. राहून गेलेली जागा दिसते, हात शिवशिवतो, पण अर्धवट ओढलेल्या रंगावर रोलर फिरवला की तिथे खरबरीत पट्टा पडतो जो घासायला तिप्पट वेळ खातो. पुढच्या हातात ती जागा भरणारच आहे.

पहिला हात भयंकर दिसतो. खालचा प्रायमर, पुट्टीचे पॅच, जुना रंग सगळं आरपार दिसतं आणि बहुतेक जण इथेच घाबरून जाड हात मारतात. सिंथेटिक इनॅमल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून वाळतो. जाड थर दिला तर वर साय धरते, आतला रंग आठवडे मऊ राहतो आणि पुढे सुरकुत्या पडतात. दोन जाड हातांपेक्षा सहा पातळ हात केव्हाही बरे. हात लावून दहा मिनिटांनी गाडीभोवती एक फेरी मारा: मुठींच्या भोकांखाली, दारांच्या खालच्या कडेला, पत्रा वळतो तिथे रंग साठतो. ओला असतानाच कोरड्या रोलरनं तो टिपता येतो.

दोन हातांमध्ये किती वेळ सोडायचा, हे डब्यावरच्या सूचनेप्रमाणे; साधारणपणे एक पूर्ण दिवस. काही इनॅमलना धोक्याचा मधला काळ असतो, त्या काळात नवा हात दिला तर खालचा उचलून येतो. दर दोन हातांनंतर ६०० ते ८०० नंबरचा वॉटर पेपर ठोकळ्यावर घेऊन, पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून हलकं घासा. गाडीच्या रंगाचं पाणी ओघळायला लागेल. ते घाबरण्यासारखं नाही. खाली चमकदार ठिपके दिसतील, ते खोल भाग. मंद भाग वाढत वाढत ठिपके जवळजवळ संपले की थांबा. कडांवर मात्र ठोकळा नेऊ नका, तिथे रंग सर्वांत पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत प्रायमर उघडं पडतं. धुवा, कडा आणि फटींतलं पाणी पूर्ण वाळू द्या, मग पुढचा हात.

काही बिघडलं तर ओल्या रंगाशी झटापट करू नका. ओघळ, माशी, केस, सगळं पूर्ण वाळल्यावर घासून निघतं. ओघळ ठोकळ्यावर घेतलेल्या बारीक पेपरनं नुसत्या टोकावर घासायचा. गोल खड्डे पडले असतील तर कारण सिलिकॉन किंवा मेण आहे: वाळू द्या, घासा, टर्पेंटाइननं दोन-फडकी पद्धतीनं पुसा. रंग उकलून सुरकुतला, तर खालचा थर नव्या थराला चालत नाहीये. तिथे वरून पुन्हा पुन्हा रंग देऊन उपयोग नाही. खालपर्यंत खरवडून प्रायमरपासून सुरुवात. आणि इनॅमलवर चमक यावी म्हणून स्प्रे कॅनमधला लॅकर क्लिअर मारायचा मोह आवरा, तो कोवळा इनॅमल जागच्या जागी गोळा करतो.

प्लास्टिकचे बंपर आणि दुचाकीची टाकी

बंपर लवचिक असतो. त्याला आधी प्लास्टिक प्रायमर, आणि रंगाचे हात कमी. जाड इनॅमल तिथे तडकतो. खरं तर जुन्या गाडीचा बंपर मंद काळा ठेवणं सर्वांत सोपं आणि टिकाऊ.

दुचाकीच्या इंधन टाकीला ही पद्धत वापरू नका. पेट्रोल सांडलं की साधा इनॅमल मऊ पडतो आणि झाकणाभोवती कायमचा डाग राहतो. टाकी घरी घासून, प्रायमर देऊन ठेवा आणि रंग व क्लिअर व्यावसायिकाकडून. टाकी लहान असते, खर्चही तेवढाच येतो. मडगार्ड आणि बाजूचे पत्रे मात्र रोलरनं किंवा कॅननं घरी छान होतात.

शेवटची चकाकी

टेप शेवटचा हात हाताला चिकटत नाही इतपत वाळल्यावर, पण टणक व्हायच्या आत काढा, ४५ अंशात मागे ओढत. फार उशीर केला तर रंगाची कड टेपबरोबर सोलते. मग निदान तीन-चार आठवडे थांबा. वरून वाळलेला दिसला तरी रंग आतून कोवळा असतो. नखानं नजरेआड जागी दाबून बघा. खूण राहिली तर अजून थांबायचं. या काळात गाडी चालवायला हरकत नाही, पण जोराच्या पाण्याचा फवारा, साबण आणि मेण नको. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी साध्या पाण्यानं भिजवून उचला.

नंतर १०००, १५००, २००० नंबरनं पाण्यासह घासा, दर वेळी आधीच्या दिशेला आडवं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. गाडी पूर्ण मंद झालेली पाहून धडकी भरते, पण रबिंग कंपाउंड आणि मऊ फडक्यानं दोन-दोन हात जागा घेत घासलं की खालून आरसा येतो. यंत्र भाड्यानं घेतलंत तर वेग कमी ठेवा आणि ते एका जागी थांबवू नका. इनॅमल तापला की ओढला जातो. एवढी मेहनत सगळ्या गाडीला नको असेल तर फक्त बॉनेट आणि दारांची वरची निम्मी बाजू करा, नजर तिथेच जाते. मेण आणखी महिनाभरानं चढवा.

उरलेला इनॅमल छोट्या, काठोकाठ भरणाऱ्या काचेच्या बरणीत ओता. रिकामी हवा जितकी कमी तितकी साय कमी धरते. ओरखड्यांच्या टचअपला तो वर्षभर उपयोगी पडेल. रंग आणि तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. असा रंग वाळताना उष्णता सोडतो, बोळ्यात ती अडकते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. उरलेलं टर्पेंटाइन गटारात ओतू नका. बरणीत ठेवलं तर गाळ खाली बसतो आणि वरचं स्वच्छ टर्पेंटाइन पुढच्या वेळी रोलर धुवायला चालतं.